‘तिकडे स्क्रीनवर करा’: ठाण्यातल्या बर्गरच्या दुकानात बाबांना आलेला अनुभव

रानजाई | शनिवार, रात्री १०.४०

हे लिहू की नको, असं दोन दिवस मनात चाललंय. बाबांना विचारलं तर म्हणाले, "कशाला? जाऊ दे." पण आज त्यांना घेऊन पुन्हा तिथे जाऊन आले आणि आता लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

बाबा ७४ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ३१ वर्षं टर्नर होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, भंगारात जायचा, अशा कामात त्यांचं आयुष्य गेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. बाकी तब्येत उत्तम. रोज कोलशेतहून पायी निघतात, भाजी आणतात, स्वतःची पेन्शन स्वतः बघतात. यूपीआयसुद्धा लॉकडाउनमध्ये स्वतःच शिकले.

माझ्या मुलाची सहामाही बुधवारी संपली. आजोबांनी त्याला बर्गर कबूल केला होता, तो खेळणं मिळतं ना, तसला डबा. दुपारी साडेतीनच्या सुमारास ते घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमधल्या मोठ्या साखळीच्या दुकानात एकटेच गेले. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही.

तिथे काउंटरवर दोन मुलं उभी होती. बाबांनी एकाला सांगितलं, "बाळा, एक मुलांचा डबा दे." तो म्हणाला, "तिकडे स्क्रीनवर करा." बाबांनी पाचशेची नोट काढली. "कॅश काउंटर बंद आहे, स्क्रीनवर करा." मग बाबा त्या उभ्या स्क्रीनपाशी गेले. अक्षरं इंग्रजीत आणि बारीक. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण दर दोन पावलांना काहीतरी विचारतात: पेय कोणतं, मोठं हवं का, सोबत आणखी काय. एवढ्यात वेळ संपला आणि स्क्रीन पुन्हा पहिल्या पानावर. असं दोनदा झालं. मागे रांग.

तिसऱ्या वेळी क्यूआर आला. बाबांनी स्कॅन केला, पिन टाकला, फोनवर हिरवी खूण आली, २८९ रुपये गेले. पण तोवर स्क्रीन परत पहिल्या पानावर. पावती नाही, टोकन नाही. त्यांनी फोन काउंटरवर नेऊन दाखवला. मुलाने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "टोकन नाही म्हणजे पैसे आले नाहीत. परत करा." रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने त्यांना दुसऱ्यांदा सगळं करून दिलं. पुन्हा २८९. ती कोण होती कळलं नाही, पण तिचे मनापासून आभार.

टोकनचे नंबर वरच्या पडद्यावर लागतात, ते त्यांना दिसले नाहीत. पुकारलं असेल तर ऐकू आलं नाही. वीसेक मिनिटांनी स्वतःच जाऊन विचारलं तेव्हा डबा बाजूला ठेवलेला होता. गार झालेला. आत खेळणं नव्हतं. आता परत काही विचारायचा धीर झाला नाही, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर यातलं अक्षरही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, "आजोबा, मला न्यायचं ना, मी दोन मिनिटांत केलं असतं." ते फक्त "हो रे" म्हणाले. शुक्रवारी गॅसचं बिल भरायला मी त्यांचा फोन हातात घेतला, तेव्हा २८९चे दोन मेसेज दिसले.

आज आम्ही दोघं गेलो. शिफ्ट मॅनेजरला दोन्ही मेसेज दाखवले. तो म्हणाला, "सिस्टिममध्ये एकच दिसतोय. बँकेशी बोला." मी म्हटलं, बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही व्यवहार यशस्वी दिसतायत. तर टेबलावरचा क्यूआर दाखवून म्हणाला, "यावर फीडबॅक द्या." आणि वर, बाबा शेजारी उभे असताना, माझ्याकडे बघून: "अंकलना ॲप वापरायला शिकवा."

बाबा तिथून बाहेर जाऊन बाकावर बसले.

पैशांचं काय करायचं ते सांगाच. पण मला खरं बोलायचंय ते वेगळं. पैसे अडकणं मी समजू शकते, मशीन आहे. चार पावलं चालून येऊन "काका, काय हवंय?" म्हणायला दोघांपैकी एकालाही का सुचू नये?

---

मासुंदा | शनिवार, रात्री ११.०५

वाचून गलबललं. माझी आई ठाणे स्टेशनजवळच्या तसल्याच दुकानातून न खाता परत आली होती. आम्हाला म्हणाली, "गर्दी होती." आता कळतंय, गर्दी कसली होती ते.

ठाण्यातल्या मामलेदार मिसळीच्या दुकानात जाऊन बसा, टेबलं भरलेली असतात, वाढणाऱ्याला क्षणाची उसंत नसते, पण म्हातारं माणूस दिसलं की तिखट किती हवं ते तो आपणहून विचारतो. आपल्या माणसांची गोष्टच वेगळी.

---

उपवनची पायवाट | शनिवार, रात्री ११.२२

मासुंदा, शेवटचं वाक्य पटलं नाही. आपल्याच मराठी खानावळीत "लवकर उठा, मागे माणसं उभी आहेत" हे माझ्या वडिलांनी ऐकलंय, हातात ताकाची वाटी असताना. आणि रानजाईंच्या बाबांना "तिकडे करा" म्हणणारी मुलंही बहुतेक दिव्याची, कळव्याची, आपलीच असतील. आपलं आणि परकं यात हा प्रश्न नका अडकवू.

---

हिशेबनीस | रविवार, सकाळी ७.१५

बँकेतून निवृत्त आहे, म्हणून पैशांचं आधी सांगतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली: ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण दुकानाकडे पैसे मिळाल्याची नोंदच पोचली नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे. दुकानातल्या यूपीआय व्यवहारात असं झालं तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता.

दुसरी: पैसे दुकानाच्या खात्यात नीट जमा झाले, पण तोवर त्यांच्या स्क्रीनने ऑर्डर सोडून दिली होती. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं प्रकरण हे दुसरं वाटतं. इथे बँक काही आपोआप परत करत नाही, कारण बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालेला असतो. पैसे दुकानाकडे आहेत आणि ते दुकानानेच द्यायचे. "बँकेशी बोला" म्हणून तुम्हाला चुकीच्या दारात पाठवलंय.

ॲपमध्ये दोन्ही व्यवहार उघडा. प्रत्येकाखाली १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, असेल. दोन्ही लिहून घ्या, वेळही लिहा. दुकानाच्या काउंटरवरच्या सिस्टिमला ऑर्डरी दिसतात. पैसे जमा झाल्याचा हिशेब वेगळा असतो, तो कंपनीच्या लेखा विभागाकडे. तिथे हा यूटीआर टाकला की काही मिनिटांत सापडतो.

ॲपमध्येही त्या व्यवहाराखाली तक्रार नोंदवून ठेवा, म्हणजे तारीख लागते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १२ नोव्हेंबर २०२१ला आधीच्या वेगवेगळ्या लोकपाल योजना एकत्र केल्या गेल्या. तुम्हाला तिथवर जावं लागेल असं वाटत नाही.

बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

नवी वाट | रविवार, सकाळी ९.३०

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. त्या मुलांना पगार किती मिळतो, उभ्याने किती तास काम असतं, याचा कोणी विचार करत नाही. स्क्रीन आता सगळीकडे येणार: बँकेत, दवाखान्यात, रेल्वेत. मेट्रोचं तिकीटही तसं काढता येतं. शिकून घेणं हाच उपाय आहे. घरून ॲपवर मागवलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

---

रानजाई | रविवार, सकाळी १०.१०

राग नाही. पण घरून मागवायचंच नव्हतं. स्वतः जाऊन नातवासाठी काहीतरी हातात घेऊन यायचं, यातच त्यांचा आनंद होता. आणि शिकण्याचं म्हणाल तर ते शिकलेले आहेत. पैसे त्यांनी बरोबरच भरले होते. पहिल्यांदाही.

हिशेबनीसकाका, खूप आभार. दोन्ही यूटीआर सापडले. पहिला ३.५२चा, दुसरा ४.०१चा. एक अडचण आहे: पहिल्या व्यवहाराची पावतीच नाही.

---

दोनशिफ्ट | रविवार, दुपारी १.४५

मी कॉलेजात असताना दोन वर्षं वाशीला अशाच एका साखळीच्या दुकानात काम केलंय. हा धागा सकाळपासून तीनदा वाचला. आतून कसं असतं ते सांगावंसं वाटतं. मुलांची बाजू घ्यायला नाही आणि त्यांच्यावर सगळं ढकलायलाही नाही.

ऑर्डर आली की ती किचनच्या पडद्यावर दिसते आणि घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या सेकंदांपुढे गेली की तिचा रंग बदलतो. दिवसाअखेरी सरासरी काढतात आणि ती कमी आली नाही तर मॅनेजरला वरून फोन येतो. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्या पडद्यावर. समोर उभं असलेलं माणूस त्या पडद्यावर दिसत नाही, कारण त्याची ऑर्डर अजून झालेलीच नसते. बाबा तिसऱ्यांदा पहिल्या पानावर पोचले होते, तेव्हा सिस्टिमच्या दृष्टीने ते दुकानात आलेलेच नव्हते. हे मला आत्ता लिहिताना पहिल्यांदा नीट कळतंय.

दुपारी तीन ते साडेचार माणसं सगळ्यात कमी असतात. जेवणाची शिफ्ट सुटते, संध्याकाळची यायची असते. कॅश काउंटर उघडायचा तर गल्ला मोजून कोणाच्या तरी नावावर द्यावा लागतो आणि रात्री पन्नास रुपये कमी भरले तर त्याच मुलाला जाब विचारतात. म्हणून कोणीच गल्ला घ्यायला तयार नसतो आणि मॅनेजरही "स्क्रीनवर पाठवा" म्हणतो. आम्हाला तसंच सांगितलेलं असायचं. मीही कितीतरी लोकांना बोटाने स्क्रीन दाखवलीय.

पण शनिवारी मॅनेजर जे बोलला त्याला काही सबब नाही. काउंटरच्या मुलाला पैसे परत करता येत नाहीत, मॅनेजरचा पिन लागतो, हे खरं. मॅनेजर मात्र स्वतःच्या अधिकारात नवा डबा देऊ शकतो, खेळणं देऊ शकतो. आमच्याकडे खाणं गार गेलं किंवा काही राहिलं तर बदलून द्यायची मुभा शिफ्ट मॅनेजरला होती आणि ते रोज व्हायचं. त्याने यूटीआर लिहून घेऊन "मी वर पाठवतो" एवढं म्हटलं असतं तरी पुरेसं होतं.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये हसायला शिकवलं, हात किती सेकंद धुवायचे ते शिकवलं, बटाटे किती वेळाने फेकायचे ते शिकवलं. स्क्रीनपुढे कोणी अडलं असेल तर बाहेर जा, हे कोणी शिकवलं नाही. घरी मी आजीला फोन लावून द्यायचो, तोच मी तिथे काउंटरमागे उभा राहिलो की वेगळा वागायचो. त्या बाबांची माफी मागावीशी वाटते.

---

मासुंदा | रविवार, दुपारी २.२०

दोनशिफ्ट, इतकं खरं लिहिल्याबद्दल आभार. "दुकानात आलेलेच नव्हते" हे वाचून थांबलो. आणि उपवनची पायवाट, तुमचं बरोबर होतं. मी घाईत लिहिलं.

---

नीलमोहोर | रविवार, दुपारी ४.००

सीवूड्सला राहते. माझी बहीण व्हीलचेअरवर असते. या स्क्रीनवर ‘पुढे जा’चं बटण तिच्या हाताच्या वर येतं. प्रत्येक वेळी कोणाला तरी सांगावं लागतं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, ती आयटीत आहे, त्यामुळे ‘शिकून घ्या’ हा उपाय तिला लागूच पडत नाही. काही मशीनवर पडदा खाली सरकवायची सोय असते, एका कोपऱ्यात छोटी खूण असते, पण ती आहे हे दुकानातल्या मुलांनाच माहीत नसतं. आम्हालाही योगायोगाने सापडली.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा सुगम्यतेच्या बाबतीत खासगी सेवांनाही लागू आहे. लेखी तक्रार करणार असाल तर ज्येष्ठांसोबत हेही जरूर लिहा: एक काउंटर कायम उघडा ठेवा. आमचं सगळं मागणं तेवढंच आहे.

---

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ९.१५

ग्राहक चळवळीत थोडं काम केलंय. पावतीबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (२० जुलै २०२०पासून लागू) वाचा. पैसे घेऊन बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. म्हणजे पहिल्या २८९ची पावती नसणं ही तुमची नाही, त्यांची अडचण आहे. बँकेची नोंद हा तुमचा पुरावा.

दुसऱ्या व्यवहाराची पावती टाकली नसेल तर जपून ठेवा. वर मोठ्या अक्षरात साखळीचं नाव असतं, पण खाली बारीक अक्षरात दुकान चालवणाऱ्या कंपनीचं नाव असतं आणि बऱ्याचदा ते वेगळंच असतं. जीएसटी क्रमांक असतो (महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो) आणि १ जानेवारी २०२२पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक (अन्नसुरक्षा परवान्याचा) छापणंही सक्तीचं आहे. तक्रार त्या कंपनीच्या नावाने करा. टेबलावरच्या क्यूआरवर दिलेला फीडबॅक तारे मोजण्यापुरता असतो. त्याची पोच मिळत नाही.

आधी ईमेल. सहा-सात ओळींचा. तारीख, दोन्ही वेळा, दोन्ही यूटीआर, काय मिळालं, काय मिळालं नाही, काय हवं. सोबत बँकेच्या नोंदीचा फोटो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदणी करा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत आणि तिथून आलेली तक्रार कंपनीत वरच्या माणसापर्यंत जाते.

तरीही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि आता तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगातही दाखल करता येते. २८९ रुपयांसाठी तिथे जाऊ नका असं कोणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. पण पहिल्या दोन पायऱ्यांवर काम व्हायला हरकत नाही.

आणि कृपया ईमेलमध्ये त्या काउंटरवरच्या मुलांची नावं लिहू नका. पावतीवर बऱ्याचदा कॅशियरचं नाव असतं. सगळ्यात आधी त्याचीच नोकरी जाते आणि दुकान आहे तसंच राहतं.

---

रानजाई | रविवार, रात्री ९.५०

नावं नाही लिहिणार. दोनशिफ्ट यांनी लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे पीस-रेट होता, जितके नग तितके पैसे, तेव्हा असंच व्हायचं. शेजारच्या मशीनवरच्याचा हात अडकला तरी मान वर करायला वेळ लागायचा." कारखान्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत.

पावती सापडली. त्यांनी ती घडी घालून पाकिटात ठेवली होती.

---

नवी वाट | सोमवार, सकाळी ८.४०

काल मी जे लिहिलं त्यात शिकण्याचं म्हणणं अजून बरोबर वाटतं. पण पैसे पहिल्यांदाच बरोबर भरले होते, हे माझ्याकडून नीट वाचलं गेलं नव्हतं. तेवढ्यापुरतं मागे घेतो.

---

रानजाई | पुढचा बुधवार, रात्री ८.३०

काय झालं ते सांगते.

सोमवारी सकाळी पावतीवरच्या कंपनीला ईमेल केला. खाडीपलीकडे यांनी सांगितलं तसाच, सात ओळींचा. दुपारी १९१५वर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. मंगळवारी कंपनीच्या ग्राहक विभागातून एका बाईंचा फोन आला. हिशेबनीसकाका, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला: ३.५२चे पैसे त्यांच्याकडे त्याच दिवशी जमा झाले होते, फक्त ऑर्डरला जोडले गेले नव्हते. आज दुपारी २८९ परत आले.

सोबत पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं होतं. बाबांनी फोन माझ्याकडून घेतला आणि स्वतः बोलले. म्हणाले, "मॅडम, कूपन नको. माझे होते ते आले. तुमच्या त्या दुकानात दुपारी एक खिडकी उघडी ठेवा आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला एक स्टूल ठेवा." नीलमोहोर, बटणाच्या उंचीबद्दल मी ईमेलमध्ये लिहिलं होतं, ते फोनवर पुन्हा सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. दुकानाला कळवते म्हणाल्या. पुढे काय करतात ते बघायचं.

शिफ्ट मॅनेजरचा फोन आला नाही. मला तो यायला हवा होता.

---

नीलमोहोर | बुधवार, रात्री ८.५५

लिहिल्याबद्दल बहिणीकडूनही आभार. बाबांनी स्वतः फोन घेतला हे वाचून फार बरं वाटलं.

---

दोनशिफ्ट | बुधवार, रात्री ९.२०

खेळण्याचं काय झालं?

---

रानजाई | बुधवार, रात्री ९.४५

ते राहिलंच. फोनवर आम्ही दोघंही विसरलो. मुलगा म्हणतोय रविवारी परत जाऊ, स्क्रीन मी बघतो, आजोबांनी फक्त पैसे द्यायचे. बाबा म्हणाले, "स्क्रीन नाही. आधी काउंटरवर विचारू."

---

उपवनची पायवाट | बुधवार, रात्री १०.०५

रविवारी खिडकी उघडी होती का ते इथे नक्की लिहा. माझ्या वडिलांना तिथून जवळ पडतं.